मुळेकाठून कुंडलिकेकाठी

पुण्याहून कोकणात उतरणाऱ्या वाटांपैकी पौड, मुळशी आणि ताम्हिणी या गावांवरून जाणारी वाट सायकलने प्रवास करणाऱ्यांच्या विशेष आवडीची आहे. कोलाडपर्यंतचे अंतर शंभर-एकशेदहा किलोमीटरांच्या आसपास भरते. मोटारीत बसलेला मनुष्य ते तीन तासांत तोडतो आणि कोलाडला चहा पिताना ‘रस्ता बरा होता’ एवढेच सांगतो. सायकलस्वाराला पुरता दिवस लागतो. शहाणा असेल तर तो दोन दिवस लावतो, आणि मग त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते; कारण या वाटेवर दोन नद्या आहेत, एक मोठे अरण्य आहे, आणि एक अशी गोष्ट आहे की जी वेगाने जाणाऱ्याला कधीच कळत नाही.

ही वाट धरायची तर कार्तिक-मार्गशीर्षातली एखादी आडवारची पहाट निवडावी. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी या रस्त्यावर मोटारींची एवढी दाटी होते की धबधब्याचा आवाज भोंग्यांखाली बुडून जातो. कार्तिकात पाऊस संपलेला असतो, भात कापणीला आलेले असते, ओढ्यांना अजून पाणी असते आणि हवेत सुखकर गारवा असतो. पहाटे पाचला शहर सोडले म्हणजे चांदणी चौकाचा चढ, भूगाव आणि पिरंगुटचा घाट ही मंडळी रहदारी जागी होण्यापूर्वीच मागे पडतात. या पहिल्या टप्प्याविषयी जितके थोडे लिहावे तितके बरे. एके काळी येथेही शेते होती; आता दुतर्फा इमारती, गोदामे आणि जाहिरातींच्या फळ्या आहेत. पुणे आपल्या जुन्या वेशी ओलांडून डोंगराकडे कसे सरकत चालले आहे, हे पाहायचे असल्यास मात्र हा टप्पा उपयोगी आहे.

पौड आले की मोकळे वाटू लागते. तालुक्याचे नाव मुळशी, पण कचेरी पौडला. येथे मुळा नदी पहिल्यांदा नीट दिसते. पावसाळ्यातला तिचा लोंढा ओसरलेला असतो, आणि काळ्या खडकांतून निवळ पाण्याची एक शांत धार वाहत असते. तिच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे पायऱ्यापायऱ्यांनी डोंगराकडे चढत गेलेली दिसतात. पिवळ्या पडलेल्या लोंब्यांवर दव असते. इंद्रायणी तांदळाच्या शेतावरून वारा आला की त्याला शिजलेल्या भातासारखा मंद वास येतो. हा वास मोटारीच्या काचेआड पोहोचत नाही.

सायकलस्वाराला भूगोल शिकवावा लागत नाही. तो त्याच्या पोटऱ्यांना आपोआप कळतो. मोटारीत बसलेल्याला रस्ता सगळीकडे सारखाच. सायकलस्वाराला मात्र जमीन वीतभर उंचावली तरी लगेच समजते. पौडच्या पुढे रस्ता डोळ्यांना सपाट दिसतो, पण साखळी ताणल्यासारखी वाटू लागते आणि श्वास थोडा जड होतो. नदी समोरून येते आहे. याचा अर्थ आपण चढतो आहोत. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि घाटमाथा त्याहून फारसा उंच नाही. म्हणून देशावरून सह्याद्रीकडे जाणारा हा चढ लांबलचक आणि सौम्य असतो. पलीकडचा कोकणाकडील उतार मात्र भिंतीसारखा. सह्याद्री म्हणजे दोन्ही बाजूंनी उतरता डोंगर नव्हे, तर पठाराची तुटलेली कड आहे, हे विधान पुस्तकात वाचून पाठ करता येते. पण ते पटते या रस्त्यावर.

चढाचा विषय निघाला म्हणून एका फ्रेंच गृहस्थाचे नाव येथे घ्यावयास हवे. पॉल द विवी हे त्यांचे नाव; ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने ते लिहीत. सेंत एत्येन या गावी राहून त्यांनी १८८७ साली सायकलविषयक नियतकालिक सुरू केले आणि डोंगरदऱ्यांतून सायकलने हिंडण्याचा छंद आपल्या देशबांधवांना लावला. चढावर हलका आणि सपाटीवर जड असा गिअर बदलता आला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्या काळच्या पुष्कळ शर्यतवाल्यांना ही दुबळेपणाची सोय वाटे. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध महाशर्यतीत साखळी एका दात्यावरून दुसऱ्या दात्यावर सरकवणाऱ्या यंत्राला परवानगी मिळाली ती १९३७ साली. तोपर्यंत वेलोसिओ हयात नव्हते. आज या घाटात येणाऱ्या बहुतेक सायकलींना असे गिअर असतात. नसले तरी फारसे बिघडत नाही. साधी काळी सायकल असेल तर चढावर खाली उतरावे आणि मूठ धरून चालू लागावे. चालणाऱ्याला रस्त्याकडेचे जितके दिसते, तितके गिअर असणाऱ्यालाही दिसत नाही.

आणखी काही चढ चढून गेले की एकाएकी डोळ्यांसमोर पाणी पसरते. हा मुळशीचा जलाशय. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून तो निर्माण केलेला आहे. डोंगरांच्या मधल्या दऱ्यांत पाणी बोटांसारखे शिरलेले आहे. उंच टेकड्यांचे माथे बेटांसारखे वर उरलेले आहेत. सकाळच्या प्रहरी धुके हळूहळू उचलले जात असते. रस्ता काठाकाठाने वळत जातो. एका वळणावर पाणी दिसते, पुढच्या वळणावर झाडी. अशा ठिकाणी सायकल थांबवली नाही असा मनुष्य विरळा.

काठावर चहाच्या टपऱ्या आहेत. त्यांतल्या एखाद्या टपरीवर चुलीपुढे बसलेली आजी पाहुण्याला न्याहाळते आणि विचारते, “कुठनं आलात, दादा?”

“पुण्याहून, आजी.”

“सायकलीवर? मग यष्टीचा संप हाय का काय?”

सायकलस्वार हसतो. हौस म्हणून कोणी इतका घाम गाळील, हे तिला खरे वाटत नाही, आणि तिचेही बरोबरच आहे. तिच्या पिढीने घाट चढला तो डोक्यावर लाकडाची मोळी किंवा तांदळाचे गाठोडे घेऊन. चहा उकळेपर्यंत ती आणखी चार शब्द बोलते. पाण्याकडे बोट दाखवून म्हणते, “ते बेट दिसतंय न्हवं, त्याच्या अल्याड आमचं जुनं गाव. म्या न्हाई बघितलं. आमच्या मामंजींनी बघितलं हुतं, ल्हानपणी.”

मग त्या सुंदर पाण्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना विजेची गरज भासू लागली. घाटमाथ्यावरचा पाऊस अडवून ते पाणी कोकणात सोडले, तर त्याच्या वेगाने वीज उत्पन्न होईल, हे टाटांच्या कंपनीने ओळखले होते. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली आणि भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. तिसऱ्या धरणासाठी मुळशीचे खोरे निवडण्यात आले. या खोऱ्यात सुमारे ५२ गावे होती. पिढ्यान्पिढ्या भात पिकवणारे मावळे त्यांत नांदत होते. सरकारने भूसंपादनाचा कायदा वापरून त्यांच्या जमिनी कंपनीला देण्याचे ठरवले. तेव्हा १९२१ सालच्या रामनवमीस शेतकऱ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह आरंभला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे या लढ्याचे पुढारी होते. याच लढ्याने बापटांना ‘सेनापती’ हे नाव दिले, आणि जन्मभर ते त्यांच्या नावापुढे राहिले. स्त्रियाही मागे राहिल्या नाहीत. बांधकामाच्या ठिकाणी जाऊन त्या आडव्या पडल्या आणि तुरुंगात गेल्या.

हा लढा १९२४ पर्यंत चालला आणि शेवटी हरला. पुढाऱ्यांत मतभेद होते, सावकारांना नुकसानभरपाईचा मोह पडला होता, आणि कंपनीच्या पाठीशी सरकार होते. धरण पुरे झाले, पाणी चढले, आणि माणसे आपापली भांडीकुंडी व देव घेऊन डोंगराच्या अंगावर वर सरकली. धरणग्रस्तांनी संघटितपणे दिलेल्या जगातील आरंभीच्या लढ्यांत याची गणना अभ्यासक करतात. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी खाली गेले की कोठे जुन्या घराचा चौथरा, कोठे देवळाचे दगड उघडे पडतात. तेवढे दिवस काठावरचे लोक तेथे जाऊन येतात. जून-जुलैचा पाऊस आला की ते पुन्हा झाकले जाते.

जलाशय संपत आला की अरण्य सुरू होते. ताम्हिणी गावी विंझाईचे देऊळ आहे. त्याच्या आवारात बसून भाकरी खाण्याइतके सुख या वाटेवर दुसरे नाही. आजूबाजूच्या वनाला २०१३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. येथे पाऊस एवढा पडतो की झाडांच्या खोडांवर शेवाळ आणि नेचे वाढलेले असतात. जांभूळ, हिरडा, आंबा, ऐन आणि अंजनी यांची दाटी आहे. अंजनीला उन्हाळ्याच्या तोंडी निळीजांभळी फुले लागतात तेव्हा फांदीवर कोणी रंग शिंपडल्यासारखे दिसते. कारवीची झुडपे उतारांवर पसरलेली असतात. ती सात-आठ वर्षांतून एकदाच फुलतात, त्यामुळे त्यांचा बहर गाठणे हा नशिबाचा भाग आहे. कोठे उंच फांदीवर शेकरूचे काटक्यांचे घरटे असते. शेकरू स्वतः दिसेलच असे नाही. पण सायकलचा आवाज होत नसल्याने ती दिसण्याचा संभव सायकलस्वाराला इतरांहून अधिक.

या शांततेविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. ती मुकी शांतता नव्हे. सायकलस्वाराला चाकाखाली वाळलेले पान मोडल्याचा आवाज येतो. ओढा दिसण्याच्या पुष्कळ आधी त्याची खळखळ येते आणि मोरीवरून पुढे गेल्यावर हळूहळू मंद होते. दरीतून शीळकरी कस्तूर या पक्ष्याची शीळ ऐकू येते. ती अगदी एखाद्या मुलाने रमतगमत घातलेल्या शिळेसारखी असते, इतकी की नवखा मनुष्य थांबून मागे वळून पाहतो. मध्येच एखादे मोठे वाहन घाटातून वर येते आणि त्याचा धूर व घरघर निवण्यास काही मिनिटे जातात. तेवढ्या मिनिटांत अरण्य जणू तोंड मिटून बसलेले असते. रस्ता रुंद झाल्यापासून अशी मिनिटे वाढली आहेत. रस्ता रुंद होऊ नये असे घाटाखालच्या गावकऱ्याला सांगण्याचा अधिकार हौशी प्रवाशाला नाही, कारण आजारी माणसाला दवाखान्यात नेण्यास त्यालाच तो रस्ता लागतो. परंतु पावसाळी रविवारी केवळ आरडाओरडा करण्यासाठी आणि रिकाम्या बाटल्या दरीत भिरकावण्यासाठी येणाऱ्यांची बाजू कोणी घेऊ शकेल असे वाटत नाही.

निवे, डोंगरवाडी ही गावे मागे पडली की रस्त्याचा स्वभाव पालटतो. आतापर्यंत पाय काम करत होते. आता हात करू लागतात. पठाराची कड येते आणि समोर एकदम पोकळी उघडते. खाली, फार खाली, कोकणातले हिरवे तुकडे आणि नदीची चकाकती रेघ दिसते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे थर कड्यांच्या अंगावर एकावर एक घडी घातल्यासारखे मोजता येतात. उतारावर दोन्ही ब्रेक आळीपाळीने, हलक्या हाताने दाबावेत. एकसारखे दाबून धरले तर रबर तापते. वळणापूर्वी वेग कमी करावा, वळणात नव्हे. पावसाळ्यानंतर वळणांवर बारीक खडी साचलेली असते, तिच्यावर चाक घसरते. हे नियम कंटाळवाणे वाटले तरी घाट त्यांची परीक्षा घेतल्यावाचून राहत नाही.

या कडेवरच पाण्याची वाटणी होते. कडेच्या पूर्वेस पडलेला पाऊस मुळेत जातो. मुळा पुण्यात मुठेला मिळते, मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा पंढरपुरास चंद्रभागा होते, पुढे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जाते. हजाराहून अधिक किलोमीटरांचा हा प्रवास. पश्चिमेस पडलेला थेंब मात्र कुंडलिकेतून थोड्याच अंतरावर असलेल्या अरबी समुद्रात पोहोचतो. पश्चिमेच्या नद्या आखूड आणि जलद असल्याने त्या डोंगराला झपाट्याने कुरतडतात आणि मागेमागे सरकत येतात. असे चालता चालता एखाद्या पश्चिमेच्या ओढ्याने पूर्वेच्या नदीचे पाणी आपल्याकडे ओढून घेणे ही गोष्ट निसर्गातही घडते. पण तिला लक्षावधी वर्षे लागतात.

मुळशीला ती काही वर्षांत घडवून आणली गेली. घाट उतरून विळ्याला आले की एक फाटा पाटणूसवरून भिऱ्याकडे जातो. सायकलस्वाराने तेवढी वाकडी वाट करावीच. सह्याद्रीच्या पायथ्याशी भिऱ्याचे वीजगृह आहे. ते १९२७ साली सुरू झाले. मान वर करून पाहिले म्हणजे कड्यावरून उतरणारे पोलादी नळ दिसतात. मुळशीचे पाणी बोगद्यातून कड्यापर्यंत आणून या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली सोडलेले आहे. सकाळी ज्या पाण्याच्या काठी चहा घेतला तेच हे पाणी. सायकलस्वार दिवसभर वळणे घेत जेथे उतरला, तेथे ते सरळ उडी घेऊन त्याच्या आधी पोहोचलेले असते. चंद्रभागेकडे निघालेले पाणी येथे चक्रे फिरवून कुंडलिकेला मिळते. हे पाणी पुन्हा पूर्वेकडे सोडावे, तहानलेल्या गावांना आणि शहरांना द्यावे, अशी मागणी अधूनमधून होत असते. त्या वादात कोणाची बाजू खरी हे ठरवणे सोपे नाही, आणि त्याचे कारण पुढच्याच रस्त्यावर दिसते.

कोलाडकडे जाणारा रस्ता कुंडलिकेच्या संगतीने जातो. कोकणातल्या इतर नद्या माघ-फाल्गुनात सुकून दगडगोटे उघडे टाकतात. ही मात्र भर उन्हाळ्यातही वाहते, कारण भिऱ्याची चक्रे फिरत असतात. वीजगृहातून पाणी सुटले की सकाळी नदी फुगते, आणि त्या फुगलेल्या प्रवाहावरून रबरी होड्या हाकारत हौशी मंडळी सुतारवाडीच्या बाजूने खाली येतात. त्यावर स्थानिक तरुणांचा चरितार्थ चालतो. कोलाडजवळ डोलवहाळचा बंधारा आहे. त्याच्या कालव्यांवर येथले शेतकरी उन्हाळी भात घेतात. चैत्रात घाटमाथा करपलेला असताना खाली पोपटी रोपे डोलत असतात. वरच्यांनी गमावलेले पाणी खालच्यांना मिळाले आहे. त्यांनी ते हिरावून घेतले नव्हते, आणि आता त्यांची तिसरी-चौथी पिढी त्यावर जगते आहे.

याच सपाट रस्त्यावर सायंकाळी शाळा सुटल्यानंतर मुलींचा घोळका सायकलींवरून घरी परतताना भेटतो. पाठीवर दप्तरे, पुढच्या टोपलीत एखादीने तोडलेली चिंच. पुण्याहून आलेल्या माणसाची हलकी, गिअरची सायकल पाहून त्या क्षणभर कुजबुजतात आणि मग त्यांच्यातली धीट मुलगी घंटी वाजवून त्याला सरळ मागे टाकून जाते. दिवसभराच्या श्रमाने तिच्या बरोबरीने जाण्याचे त्राण त्याच्यात उरलेले नसते. तिच्या सायकलीला कोणी पर्यटनाचे साधन म्हणत नाही. ती नसती तर कदाचित आठवीनंतर तिची शाळा सुटली असती.

मुक्कामानंतर दुसऱ्या दिवशीची वाट सोपी आहे. रोह्याजवळ रासायनिक कारखान्यांची वसाहत लागते. तेथे कुंडलिकेचा वास बदलतो. तो भाग लवकर ओलांडावा. पुढे साळावकडे जाताना नदीची खाडी होते, पात्र रुंदावते, काठाला खारफुटी दिसू लागते. दक्षिणेच्या डोंगरांवर फणसाडचे अरण्य आहे. पूर्वी ते जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान होते, १९८६ साली अभयारण्य झाले. मुखाशी एका बाजूस रेवदंड्याचा आणि दुसऱ्या बाजूस कोर्लईचा असे दोन पोर्तुगीज किल्ले उभे आहेत. कोर्लई गावात पोर्तुगीजांच्या भाषेपासून झालेली एक बोली आजही घराघरांत बोलली जाते. तिच्यात मराठीही मिसळली आहे. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी आत शिरते, मासेमारीच्या होड्या उचलल्या जातात, आणि नीला-मुळेच्या पाण्यातला गोडेपणा खारटपणात कोठे विरला हे सांगता येत नाही.

येथून परत घाट चढून जाण्याची हिंमत नसेल, तर अलिबागवरून मांडव्याचा धक्का गाठता येतो. २०२० सालापासून तेथून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला मोठी बोट जाते आणि तीत सायकलही घेतात. सायकल कठड्याला दोरीने बांधून ठेवावी व वरच्या मजल्यावर जाऊन बसावे. संध्याकाळची बोट असली तर तासाभरात अंधार पडतो, वाऱ्यात गारवा येतो आणि समोर मुंबईचे दिवे एकेक करून लागू लागतात.